उंच लावलेला आरसा

मेरनने ती कॅरॅव्हॅन पहिल्यांदा पाहिली तेव्हा आत सफरचंदांच्या रिकाम्या पेट्या पार छतापर्यंत रचलेल्या होत्या आणि ब्लॅकबेरीची काटेरी वेल एका खिडकीतून शिरून दुसरीतून बाहेर पडली होती. केल्विनच्या बागेत, पॅकिंग शेडच्या मागच्या अंगाला, ती वर्षानुवर्षं एकाच जागी उभी होती. गाडीमागे ओढत न्यायचं ते घर; चाकं मातीत रुतलेली, पत्रा काळवंडलेला. पण अंगाने गोलसर, जुन्या घाटाची. मेरनच्या ती मनात भरली.

"काय घेशील हिचं?" तिने विचारलं.

"घेतोय कसलं! तू नेलीस तर शेडमागची जागा मोकळी होईल," केल्विन म्हणाला. "पण नंतर तक्रार घेऊन येऊ नकोस हं. आत काही म्हणजे काही नाही. माझ्या बापाने कधीकाळी सगळं उपटून काढलं. मला कळतंय तेव्हापासून ती अशीच बोडकी आहे."

पेट्या बाहेर काढल्यावर दिसलं ते तसंच होतं. वरून पत्रा, आतून लाकडाच्या फासळ्या आणि पाय ठेवला की दबणारी कुजकी जमीन. पलंग कुठं होता, ओटा कुठं होता, याचा मागमूसही नव्हता.

मेरनचा नवरा लिंझी याने ती गाडीला जोडून घरी आणली आणि मागच्या अंगणात लावून तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"अगं, हे घर नाही, बिस्किटांचा डबा आहे. तोही गंजलेला."

"असू दे. जन्मभर दुसऱ्यांची पोरं बसमध्ये घालून फिरवली. आता मला माझं घर मागे बांधून फिरायचंय."

मेरनने शाळेची बस चालवून नुकतीच निवृत्ती घेतली होती. लिंझी पश्चिम किनाऱ्यावरच्या मत्स्यपालन केंद्रावर कामाला होता. आठ दिवस तिकडे, आठ दिवस घरी. तो नसायचा तेव्हा दिवस खायला उठायचा. त्यात लाकडाचं काम तिला लहानपणापासून येत होतं. तिचा बाप होड्या बांधायचा आणि शाळा सुटल्यावर ती त्याच्या हाताखाली रंधा मारायची. मापात ती सहसा चुकत नसे.

कुजकी जमीन उखडून तिने नवीन टाकली, खराब फासळ्या बदलल्या, मधल्या पोकळीत उबेसाठी लोकर भरली, वरून प्लायवूडच्या भिंती चढवल्या. आतली मांडणी तिने एका पुठ्ठ्यावर काढून ठेवली होती: मागे दोघांचा ऐसपैस पलंग, पुढे टेबल, भिंती पांढऱ्या, पडदे निळे.

पहिली गडबड पलंगाची झाली.

सकाळभर कापून, घासून तिने सांगाडा आत नेऊन बसवला आणि मागे सरून पाहिलं, तर पलंग एका माणसाचा झाला होता. अरुंद, डाव्या भिंतीला लागून, आणि भलताच लांब. तिने पुठ्ठा आणून पाहिला. मग कापलेल्या फळीवरच्या पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या. खुणा तिच्याच हातच्या होत्या, पण पुठ्ठ्यावरच्या मापाशी त्यांचा काही संबंध नव्हता. लक्ष कुठं होतं आपलं, म्हणत तिने स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. फळी तर कापून झाली होती. मग तिला वाटलं, बरंच झालं की, समोरच्या बाजूला एक बाक मावेल.

लिंझी घरी आला आणि हसत सुटला. "एकटीचा पलंग! घटस्फोट हवा असेल तर सरळ सांग ना, सुतारकाम कशाला? आणि लांब तरी किती! जिराफ झोपवणार आहेस का यात?"

"तुझे पाय बाहेर लोंबायला नकोत म्हणून," ती म्हणाली. तो तिच्यापेक्षा जेमतेम दोन बोटं उंच होता.

नंतर रंगाचं तसंच झालं. पांढऱ्या रंगाचा डबा उघडला तर रंग गोठलेला. बदलून आणायला ती दुकानात गेली आणि फिकट हिरवा घेऊन आली, जुन्या दवाखान्याच्या भिंतींना असतो तसला. लावल्यावर डोळ्यांना गार वाटतं, असं तिने स्वतःला सांगितलं. निळं कापड तिने कपाटात ठेवलेलं होतं, तरी धर्मादाय दुकानात जुन्या कपड्यांच्या ढिगात नारिंगी कापड दिसलं, वर तपकिरी पानं छापलेलं, आणि तिचा हात आपसूक तिकडे गेला.

"तुला तर नारिंगी रंग डोळ्यांसमोर नको असतो," लिंझी म्हणाला.

"जाड आहे. थंडीला बरं."

प्रत्येक गोष्टीला असं काहीतरी कारण असायचंच. कारण शोधावं लागतंय हे मात्र तिच्या लक्षात येत नव्हतं. एकदा तिने आरसा टांगला आणि केस नीट करायला समोर उभी राहिली, तर त्यात तिला फक्त स्वतःचं कपाळ दिसलं. टाचा उंच केल्या तेव्हा कुठं डोळे दिसले. खाली घ्यायला हवा, असं मनात आलं. पण आरसा तिथंच शोभत होता. तो तसाच राहिला.

लिंझीने तिच्या कामात एकाच ठिकाणी हात घातला. तिने जुन्या सामानाच्या बाजारातून गॅसचा छोटा हीटर आणला होता. तो बसवायच्या आधी लिंझीने बाकाखाली, जमिनीलगत, एक झरोका कापून त्याला जाळी ठोकली.

"हे बघ, हा झरोका कधी बंद करायचा नाही. हीटर चालू असला की हवा इथूनच येणार. हसतेस काय? बोटीवर असंच दार लावून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, माहितीये मला. कळलं का?"

"कळलं रे बाबा."

जून, म्हणजे तिकडची ऐन थंडी, उजाडला तसं खोऱ्यातलं धुकं दुपारपर्यंत उठेना. लिंझी कामावर गेलेला. काम जवळजवळ संपलं होतं, तरी मेरन रोज कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन बसायची. हीटर लावायची, चहा करायची, आणि बाकाच्या एका ठरावीक टोकाला, दाराकडे तोंड करून, गुडघे तिरके घेऊन बसायची. समोर बसणाऱ्याच्या पायांना जागा लागते म्हणून. समोर कोणी नसायचं. घरात तिला इतकं निवांत कधी वाटलं नव्हतं. संध्याकाळी डोकं जरा जड व्हायचं. रंगाचा वास असेल, असं तिला वाटायचं.

एका दुपारी पायाला वारा फार झोंबायला लागला. प्लायचा एक तुकडा उरला होता. तिने तो बाकाखालच्या झरोक्यावर धरून पाहिला, तर जणू त्याच मापाने कापलेला. चार कोपऱ्यांना चार स्क्रू पिळले, वरून हिरव्या रंगाचा हात दिला. लिंझीचं बोलणं तिला त्या वेळी आठवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी व्हर्ना आली. व्हर्ना म्हणजे केल्विनची मावशी. ऐंशी केव्हाच उलटलेली, पण काठी टेकत सगळीकडे हिंडणारी. कॅरॅव्हॅन नवी झाल्याचं केल्विनकडून कळलं म्हणून बघायला आली होती. हातात फ्रूटकेकचा डबा होता.

"या ना, व्हर्ना. आतच बसू, हीटर चालू आहे," मेरन म्हणाली.

व्हर्नाने पायरीवर एक पाय ठेवला, आत डोकावली आणि तिथंच थांबली. मेरनला वाटलं, म्हातारीला चढवत नाहीये. तिने हात पुढे केला. व्हर्नाने तो धरला नाही.

"तुला हे कोणी सांगितलं?"

"काय?"

"हे." व्हर्नाने काठीने पलंग दाखवला, पडदे दाखवले, भिंती दाखवल्या. "केल्विनने? त्याला काय कळणार, तो तर जन्मलाही नव्हता."

"कोणीच नाही सांगितलं. मी माझ्या मनाने केलंय सगळं."

"तुझ्या मनाने," व्हर्ना म्हणाली.

ती आत चढली. पडद्याचं टोक दोन बोटांत धरून चोळून पाहिलं. मग आरशाकडे मान वर करून बघत राहिली. तिला आरशात स्वतःचा फक्त पांढरा भांग दिसत असणार.

"माझ्या आईच्या जुन्या पडद्यांचे मी तिला शिवून दिले होते. नारिंगी. अशीच पानं."

"कोणाला?"

"डॉटला. केल्विनच्या बापाकडे सफरचंदं तोडायला यायची. या कॅरॅव्हॅनमध्ये राहायची. दारातून वाकून शिरावं लागे तिला, इतकी उंच. तोडणीचे गडी टिंगल करायचे, हिला शिडी नको, पण नवरा शिडीवर चढवून आणावा लागेल. मी तेव्हा पॅकिंगला होते, एकोणीस वर्षांची. काम सुटलं की मी इथं चहाला यायचे. ती तिथं बसायची, दाराकडे तोंड करून. आणि मी इथं."

"मग त्या गेल्या कुठं?"

व्हर्ना हीटरकडे बघत होती. एकाएकी काठी बाजूला टाकून, टेबलाची कड धरत ती गुडघ्यांवर बसली आणि बाकाखाली वाकली. मेरन तिला आवरायला धावली.

"अहो, काय करताय? मी देते काढून, काय हवंय?"

"ही फळी काढ," बाकाखालून व्हर्नाचा आवाज आला. "आधी तो हीटर बंद कर आणि ही फळी काढ."

"वारा लागतो हो पायाला."

"तीही हेच म्हणाली होती."

मेरनने हीटर बंद केला. मग एकेक स्क्रू काढला. फळी निघाली आणि गार हवेचा झोत तिच्या मनगटांवर आला, तेव्हा लिंझीचं बोलणं तिला अक्षरन् अक्षर आठवलं. ती जमिनीवरच बसून राहिली.

"अशीच थंडी होती," व्हर्ना म्हणाली. तीही खालीच बसली होती, पाय लांब करून. "रॉकेलची शेगडी पेटवायची ती. झरोक्यावर फळी ठोकली आणि मला दाखवली, बघ, किती नीट बसली म्हणून. दुसऱ्या दिवशी मी आले तर काचा आतून निथळत होत्या. ती टेबलाशी बसलेली. गाल लालचुटूक. कोंडलेल्या विषारी हवेने तसे होतात, हे मला नंतर कळलं. मला वाटलं, आज किती छान दिसतेय ही. मी तिच्याशी बोललेसुद्धा. कितीतरी वेळ बोलत होते."

बाहेर झाडावर मॅगपाय पक्षी ओरडत होता.

"केल्विनच्या बापाने सगळं उपटून शेडमागे जाळलं. मी उभी राहून पाहिलं. पलंग, फळ्या, सगळं. त्याचा ना कोणाकडे फोटो आहे, ना कोणाच्या तोंडी त्याची गोष्ट. तिला विचारणारं कोणी नव्हतंच."

मेरनने तिला हात देऊन उठवलं आणि घरात चला म्हणाली. पण व्हर्नाला तिथंच चहा हवा होता. मग दार सताड उघडं ठेवून दोघी बसल्या. अंगात कोट, हातात गरम कप. व्हर्ना पॅकिंगच्या मुलींच्या गमती सांगायला लागली, कोण कोणावर मरायची, कोणाची वेणी पट्ट्यात अडकली. मेरनला ऐकायला बरं वाटत होतं. चहा संपल्यावर ती कप विसळायला उठली आणि पाठमोरीच म्हणाली,

"ऊठ आता, व्हर्नी. क्लॅरीचा ट्रक सुटेल."

"हो गं, निघालेच," व्हर्ना म्हणाली आणि पर्स उचलून उठलीसुद्धा.

मग दोघीही जागच्या जागी थांबल्या.

मेरनच्या हातातून पाणी ठिबकत होतं. क्लॅरी नावाचा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. आपण बोललो ते तिने ऐकलं होतं, आवाजही तिचाच होता, पण बोलायचं असं काही तिच्या मनात आलेलं नव्हतं.

"क्लॅरी आम्हाला घरी सोडायचा," व्हर्ना हळूच म्हणाली. "मरून किती वर्षं झाली त्याला. आणि मला व्हर्नी एकच माणूस म्हणायचं." म्हातारी घाबरली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर भलताच आनंद होता आणि मेरनला त्याचीच जास्त भीती वाटली. व्हर्नाने तिचा ओला हात घट्ट धरला. "अजून काहीतरी म्हण ना."

"मला काही माहीत नाही. मी काही म्हटलं नाही," मेरन म्हणाली आणि हात सोडवून अंगणात उतरली.

लिंझी घरी आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. पलंगापर्यंत तो हसत होता. झरोक्याचं ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"आठवतंय."

"मग?"

"आता आठवतंय. तेव्हा नव्हतं आठवत."

तो सरळ उठला, हीटर उचकटून बाहेर फेकला आणि हिरवी फळी घरातल्या शेगडीत घातली. दुसऱ्या दिवशी मेरनने नारिंगी पडदे उतरवून निळे लावले. आरसा खाली घेतला. दोघांनी मिळून भिंतींवर पांढऱ्या रंगाचा एक हात मारला. लिंझीने गाणी लावली होती, मेरन हसत होती, आणि जेवताना दोघांनी उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्याला कुठं कुठं थांबायचं ते ठरवलं.

त्याच्या पुढच्या सकाळी लिंझी तिला हाका मारत अंगणात आला. ती कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसली होती, तोंड बाहेर करून, घरातल्या स्लिपर घालून.

"इथं काय करतेस? चहा गार झाला."

"माहीत नाही," ती म्हणाली. "बाहेर पडल्याचं आठवतंय. आत गेल्याचं आठवत नाही."

लिंझीने तिच्यावरून आत पाहिलं. नारिंगी पडदे परत लागले होते. आरसा वर गेला होता. पांढरी भिंत पलंगाजवळ हातभर हिरवी झाली होती आणि रंग अजून ओला होता. मेरनच्या बोटांवरही तोच होता. बाकाखाली झरोक्याच्या जाळीत निळ्या पडद्यांच्या चिंध्या ठासून भरलेल्या होत्या.

त्याने कामावर फोन करून पुढच्या पाळीला येत नाही म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून त्याने तिला एकटीला अंगणात जाऊ दिलं नाही, आणि तिनेही हट्ट केला नाही.

"विकून टाकू," तो म्हणाला.

"कोणाला? काय सांगून?"

"मग जाळू."

"एकदा जाळलंय तिचं," मेरन म्हणाली, आणि आपण डॉटची बाजू घेतोय हे तिच्या लक्षात आलं.

शेवटी व्हर्नाचाच फोन आला. ती कॅरॅव्हॅन मला द्या, म्हणाली. मी तिथं राहणार नाही, झोपणार नाही, दुपारचं जाऊन बसेन नुसती. तिच्या मुलीने, ग्लेनिसने, आधी कडाडून विरोध केला. "ऐंशी उलटलेल्या बाईला त्या डब्यात बसवायचं? तुम्हा सगळ्यांना वेड लागलंय का?" पण व्हर्नाने ऐकलं नाही. माझं आता आणखी काय व्हायचं राहिलंय, म्हणाली.

लिंझीने गॅसची नळी मुळापासून काढली. लाकडी दार काढून जाळीचं बसवलं, जे लावलं तरी वारा थांबणार नाही. दोन भिंतींना ताटाएवढी भोकं पाडून त्यांना लोखंडी जाळ्या वेल्डिंग करून बसवल्या. मग कॅरॅव्हॅन गाडीला जोडून फ्रँकलिन गावी, ग्लेनिसच्या परसात, नेऊन लावली. मेरन सोबत गेली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने ती वळणाआड जाताना पाहिली, आणि तिला रात्रीची झोप लागली ती थेट सकाळपर्यंत.

सफरचंदांना फुलं आली तेव्हा एकदा ती फ्रँकलिनला गेली. जाऊ नये असं लिंझीचं मत होतं. तो गाडीतच बसला, इंजिन चालू ठेवून.

परसातून चालत जाताना तिला व्हर्नाचा आवाज ऐकू आला. म्हातारी कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगत होती. मधेच थांबायची, हसायची, पुन्हा सुरू व्हायची. जाळीच्या दारातून पाहिलं तर ती बाकाच्या अलीकडच्या टोकाला बसली होती, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन. पलीकडच्या टोकाला कोणी नव्हतं. तिथं एक कप भरून ठेवलेला होता.

"कशा आहात, व्हर्ना?"

"मजेत. बघ, गाल कसे झालेत माझे."

गाल खरंच टवटवीत होते. वारा दोन्ही जाळ्यांतून भणाणत होता. पडदे सतत हलत होते.

"ती..." मेरनला कसं विचारावं कळेना. "ती बोलते?"

"छे गं. ती कधीच फार बोलायची नाही. बडबड सगळी माझीच." व्हर्नाने घोंगडी नीट केली. "सुरुवातीला थंडी वाजते म्हणून तिची कुरकुर होती. या भोकांवर माझी घोंगडी नेऊन टाकावीशी वाटायची मला. मी नाही टाकली. हात बांधून बसले नुसती. आता शांत आहे."

मेरनने पलंगाच्या कडेवरून हात फिरवला. कड तिने दोन दिवस घासून मऊ केली होती. सांधा कुठं आहे ते बोटालाही कळत नव्हतं. जन्मात तिच्या हातून इतकं चांगलं काम झालं नव्हतं. बाकावर, दाराकडे तोंड करून, क्षणभर टेकावं असं तिला फार वाटलं.

"तू नीघ आता," व्हर्ना म्हणाली. अगदी प्रेमाने म्हणाली. "इथं तिघींना जागा नाही पुरत."

मेरन परत आली आणि गाडीत बसून तिने पट्टा लावला. लिंझीने तिच्याकडे पाहिलं.

"काय झालं? घाबरलीस?"

"नाही."

"मग रडतेस का?"

"बस म्हणालीसुद्धा नाही रे ती मला," मेरन म्हणाली, आणि लिंझीने गाडी रस्त्याला काढली.